दोन नकाशांत न मावलेली नदी

भीमेच्या दोन्ही काठच्या मंडळींस शांतवन आबाचा नमस्कार.

वरवंडहून आल्यावर चार दिवसांत सगळं लिहून पाठवतो असं कबूल केलं होतं, त्याला आज सतरा दिवस झाले. उशिराबद्दल माफ करा. पाय सुजला होता हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे लिहायला बसलो की राग यायचा आणि कागद फाटायचा. तीन कागद फाटले. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, राग आणि अक्षर दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत.

शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांच्या गावांनी वरवंडला एकत्र बसून नदीच्या पाण्याचा आराखडा करायचा, पाणी उपसायची इंजिनं कुठं बसवायची ते ठरवायचं, असा निरोप आला. बोलावणं ज्यांच्या काठाला जमिनी त्यांना. आमच्या वाडीला नाही. "ऐकायला कुनीबी या," असं निरोप्या जाता जाता म्हणाला, तेवढंच मी धरून ठेवलं.

घरी मंडळी म्हणाली, "तितं तुमाला कोन इचारतंय? बसा गप."

गप कसा बसू? गेल्या वैशाखात आमच्या वरच्या अंगाला एक इंजिन बसलं आणि तिसऱ्या दिवशी आमचा झिरा आटला. काठावर न राहणारा कोणी हे वाचत असेल तर सांगतो, नदी आटली की वाळूत हातभर खड्डा करायचा, त्यात पाझरतं ते पिण्याचं पाणी. तोच झिरा. ज्या त्या आळीचा वेगळा, आणि आमच्या वाडीचा सगळ्यांच्या खाली. का खाली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या आठवड्यात आमच्या बायका दीड कोसावरून हंडे आणत होत्या.

पहाटे निघालो. पिशवीत भाकरी, चटणी, मूठभर भाजलेले शेंगदाणे. बैठक दुसऱ्या दिवशी होती, तरी उशीर होईल अशी धास्ती वाटत होती. भीमा पायीच ओलांडली. मधोमध पलीकडच्या काठची कोंडाबाई झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी काढत होती.

"आबा, एवढ्या सकाळी कुठं?"

मी सांगितलं.

"मग आमचं बी सांगा की! आमच्याकडनं इंजीनवालंच जानार, त्यांच्या तोंडून माजा झिरा कशाला निघतोय?"

वाळू तापायच्या आत नदी पार करा, हे पुढं जाणाऱ्यांना सांगून ठेवतो. राहू गावात चहा घ्या. गुऱ्हाळ चालू असेल तर रस फुकट पाजतात, पण लांबचा रस्ता असेल तर पोटभर पिऊ नका, मी प्यालो आणि पस्तावलो. राहूच्या दोन्ही अंगांना नद्या, त्यामुळे पुढं मुळा-मुठा पुन्हा ओलांडायची. तिथं डोहात पाणी होतं. गूळ कढवायच्या काहिलीत बसवून पलीकडं नेतात, दहा नवे पैसे. मधोमध बसा, कडेला हात ठेवू नका. मी दोन्ही हातांनी कड धरली म्हणून काहीलवाला ओरडला, "मामा, सोडा तिला! धरल्यानं बुडायची थांबत न्हाई!"

खुटबावपर्यंत पायी. तिथून वरवंडला निघालेली कडब्याची गाडी मिळाली. गाडीवानानं पैसे घेतले नाहीत, पण बैठकीचं ऐकून वाटभर हसला. "पान्याची बैठक, आन् जमिनी नसलेला म्हातारा चाललाय!" उतरताना माझी पिशवी मात्र त्यानंच खांद्यावर घेतली. धर्मशाळेच्या ओट्यावर पडायला जागा मिळते. पांघरूण आपलं न्यावं.

बैठक शाळेत होती. वीस-पंचवीस पटके, पुढं टेबल, टेबलामागं तरुण ओव्हरसियर साहेब. अध्यक्ष आमच्याच काठचे एक इंजिनवाले बागायतदार, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. मी दाराशी उभा.

टेबलावर दोन नकाशे होते, एक शिरूरचा, एक दौंडचा. साहेबांनी ते काठाला काठ लावून ठेवले. इंजिनांच्या जागी तांबड्या फुल्या होत्या. काय घाईनं चाललं होतं सगळं! अमक्याची फुली इथं, तमक्याची तिथं, मंजूर, मंजूर. मी चष्मा पुसून पुढं झालो आणि पाहतो तर आमची चावडी पलीकडच्या चावडीला चिकटलेली.

"साहेब," मी विचारलं, "नदी कुठं हाय?"

साहेबांनी जोडावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग एक कागद उचलून खाली पाहिलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "आबा, तुमच्या पिशवीत बगा!" सगळे हसले.

साहेब म्हणाले, "हा नकाशा या काठाला संपतो, तो त्या काठापासून सुरू होतो. पात्र कोणाच्याच कामात धरलेलं नाही. पण इंजिनाच्या जागांना त्यानं काही अडत नाही."

अडत नाही! नदीचं पाणी वाटायला दोन तालुके जमले, आणि नदीच नाही म्हणून कोणाचं अडत नाही! परवानगी न विचारता मी दोन्ही नकाशे वीतभर लांब सारले, खांद्यावरचं उपरणं काढून मध्ये पसरलं, आणि पिशवीतले शेंगदाणे काढून एकेक मांडू लागलो. हा पाटील आळीचा झिरा. हा कोळ्यांचा. हे पलीकडचे दोन, त्यातला एक कोंडाबाईचा. आणि हा सगळ्यात खाली, आमचा. मांडून झाल्यावर दिसलं, की तांबड्या फुल्या नेमक्या दाण्यांच्या तोंडाशी होत्या. बोलायची गरजच राहिली नाही.

तरी आप्पा म्हणाले, "शांतवन, झिऱ्याचं काय, हितं आटला तर तितं खांदायचा." असं म्हणता म्हणता त्यांनी हात पुढं केला आणि दोन दाणे उचलून तोंडात टाकले. मुद्दाम नाही हो, सवयीनं.

मी ओरडलो, "आप्पा, तुमी कोंडाबाईचा झिरा खाल्ला! आन् दुसरा तुमच्या सोताच्या आळीचा!"

शाळा हसून हसून फुटायची बाकी. मी हसलो नाही. म्हणालो, "तुमच्या घरच्या रांजनात काय इंजनाचं पानी भरत्यात व्हय? तुमची सून कुठं जाती भल्या सकाळी हंडा घेऊन?"

हसणं थांबलं. आप्पा चावायचेही थांबले. मग साहेबांना म्हणाले, "म्हातारं खरं बोलतंय. फुल्या पुसा."

साहेब पुसायला तयार नव्हते. तोंडी सांगण्यावर फुली हलत नाही म्हणाले. दोन्ही काठच्या झिऱ्यांची एकच यादी करा, ज्या त्या वाडीचा अंगठा त्यावर घ्या, आणि अक्षय्य तृतीयेच्या आत आणून द्या. यादी आली तर पात्राचा तिसरा नकाशा काढू आणि झिऱ्यांजवळच्या फुल्या हलवू. नाही आली तर आराखडा आहे तसा वर जाईल. यादीचा कोरा कागद त्यांनी माझ्याच हातात दिला.

माणसं पिढ्यानपिढ्या जे पाणी पितात, ते आहे म्हणून अंगठा लावून सांगायचं! इंजिनाला कोणी विचारलं नाही तू खरंच आहेस का म्हणून.

परतताना दाण्यांची पुडी पुन्हा बांधली, पण एकही खाववेना. मुळा-मुठेच्या उतारावर पाय मुरगळला. घरी मंडळी म्हणाली, "काय मिळालं जाऊन?" मी म्हणालो, एक कोरा कागद.

तो आता अगदीच कोरा नाही. आमच्या वाडीचा अंगठा लागला. कोंडाबाईनं वाळूत बसूनच लावला, ओल्या बोटाचा, शाई थोडी फुटलीय. आप्पांनी पाटील आळीतर्फे चक्क सही केली, आणि खाली आमच्या झिऱ्याचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. हे मात्र मनात राहिलं, नाकारणार नाही. पण वरच्या आणि खालच्या वाड्यांकडून अजून काहीच नाही, आणि तृतीयेला नऊ दिवस उरले. मला झोप लागत नाही. यादी अर्धी गेली तर साहेब म्हणतील, बाकीच्यांचं अडत नसेल.

म्हणून हात जोडून सांगतो, लवकर कळवा. कागद नसेल तर बाजारला येणाऱ्याबरोबर गाडग्यात एका झिऱ्याला एक खडा टाकून पाठवा, वाडीचं नाव तोंडी सांगा. मी मोजून लिहीन आणि कागद घेऊन तुमच्या दारी अंगठ्याला येईन, पाय दुखला तरी येईन. फक्त खडेच पाठवा. शेंगदाणे नकोत, वाटेत कोणीतरी खाईल.