आत्याची सेमीफायनल

हैदराबाद राज्य मोडायचं ठरलं, त्या वर्षी आमच्या घरातही बांधाबांध सुरू झाली. मराठी जिल्हे मुंबई राज्यात जाणार होते आणि त्यांच्यासोबत दफ्तरातले मराठी नोकरही. वडिलांची नेमणूक औरंगाबादेला झाली. हैदराबादेत नल्लकुंट्यातल्या भाड्याच्या घरात सगळे मुकाट्यानं ट्रंका भरत होते, एक आत्या सोडून. वडिलांची ही धाकटी बहीण कॉलेजात शिकायची आणि टेनिस खेळायची. तिला हैदराबाद सोडायचंच नव्हतं.

"दादा, मला मावशीकडं ठेवा ना," असा तिनं धोशाच लावला. वडील वैतागले. त्या हिवाळ्यात शहरात मातीच्या कोर्टावरची मोठी स्पर्धा होती. मुंबई-मद्रासच्या नामांकित मुली येणार होत्या. "महिला एकेरीच्या फायनलला पोचलीस तर राहा इथं," वडील म्हणाले. आई हसली. मला भयंकर राग आला. आत्या काय चीज आहे, हे या लोकांना ठाऊकच नव्हतं!

पहिल्या फेऱ्या तिनं अशा काही जिंकल्या की शेजारपाजारचेही तिच्याबद्दल विचारायला लागले. सेमीफायनलला आम्ही सगळे गेलो. समोर मद्रासची उंच, गंभीर मुलगी होती. शेवटच्या सेटमध्ये आत्या पुढे होती. आता एकच पॉइंट, की फायनल. तेवढ्यात त्या मुलीचा चेंडू रेषेबाहेर पडला. मी या डोळ्यांनी पाहिला. रेषेवरच्या माणसानं मात्र तो आत धरला. आंधळा मेला!

मातीवर चेंडूची खूण उमटते, म्हणून आत्यानं हात वर करून पंचांना बोलावलं. उंच खुर्चीवरून शेरवानीतले, पांढऱ्या मिशांचे एक वृद्ध गृहस्थ उतरले. खूण बघायला ते पुढे सरकले, आत्याही सरकली आणि तिचा पाय त्यांच्या बुटावर पडला.

आमच्याकडं वडीलधाऱ्यांना पाय लागला की आधी वाकायचं, विचारबिचार मागून. आत्या झटकन वाकली. एका हातानं तिनं त्यांच्या बुटाला स्पर्श करून तो हात छातीशी नेला. दुसऱ्या हातातली रॅकेट मातीवरून फरफटली आणि खूण साफ पुसली गेली.

"या अल्ला, ये क्या करे बेटी!" पंच दचकून म्हणाले. "निशानीच मिटा दिये! अब मैं क्या देखूँ?"

खेळणाऱ्यानंच खूण पुसली की त्याची तक्रार संपली, असा नियम. पॉइंट मद्रासला गेला. मी हबकून गेले. आईनं तोंडाला पदर लावला. आत्या पुसलेल्या मातीकडं अशी बघत होती, जणू तो हात तिचा नव्हताच. त्यानंतर तिला चेंडू दिसेनासाच झाला असावा. सेट गेला, मॅच गेली.

परतताना टांग्यात ती हमसून हमसून रडत होती. "माझ्याच हातानं घालवलं, दादा," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. माया दाखवणं वडिलांच्या स्वभावात नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"उगी, उगी. इतकं मनाला लावून घेऊ नको. जिंकली असतीस तरी तुला इथं थोडंच ठेवणार होतो? औरंगाबादच्या एका स्थळाला मी तुझ्यासाठी केव्हाच होकार कळवलाय."

आपण तिची समजूत घालतोय, असंच त्यांना वाटत होतं. आत्याचं रडणं जागच्या जागी थांबलं. आईसुद्धा वडिलांकडं बघतच राहिली; तिलाही हे नवीन होतं.

"मग मला खेळू कशाला दिलंत, दादा?" आत्यानं विचारलं.

"तेवढे दिवस घरात कटकट नको म्हणून," वडील म्हणाले.