मावशीची ओटी

माझी मुलगी मला आबा म्हणते. बाकी आसपासचे दोन तालुके मावशी म्हणतात. तमाशातल्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची म्होरकी असते ना, ती मीच. मिशी उडवतो, नऊवारी नेसतो आणि कमरेवर हात ठेवून देवाशी भांडतो. पंचविसेक वर्षं हेच करतोय, तरी मन भरलेलं नाही. ढोलकीवर थाप पडली की कंबर माझं ऐकत नाही, तिला मी काय करू?

घर भीमाशंकरच्या उतारावर, चार भातखाचरांचं. बायको लवकर गेली. मुलगी हंगामात माझ्या बहिणीकडं राहायची. पावसाळ्यात फड बंद असला की तिच्या वेण्या मीच घालायचो. गौळणींच्या घालून घालून हात बसला होता, त्यामुळं शाळेत तिच्यासारखी वेणी कुणाची नसायची.

पोर लग्नाची झाली आणि माझं लुगडं आडवं आलं. दोन स्थळं दारातून परतली. "पोरगी ग्वाड हाय, पर बाप लुगडं नेसतोय," म्हणाले. मी त्यांना मावशीच्या आवाजात शिव्या घातल्या. पण रात्रभर डोळा लागला नाही.

तिसरं स्थळ पेठचं. सुचवलं आमच्या बाजारातल्या कापडवाल्या शेठनी. त्यांचं घराणं मूळ मारवाडचं, पण मराठीत घासाघीस अशी करतात की आपण हरल्याचाही आनंद व्हावा. माझी सगळी लुगडी त्यांच्याकडची. "मावशी, यंदा जांभळं घ्या, उन्हात खुलतं," असं तेच सांगतात. त्यांनी पेठला एवढंच कळवलं होतं, की मुलीचे वडील फिरतीच्या धंद्यात आहेत.

पाहुणे आले तेव्हा मी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून, जाड आवाज काढून बसलो होतो. चहा देताना सवयीनं करंगळी वर गेली, ती घाईनं खाली घेतली. मुलाची आई पदर तोंडाला लावून आत गेली आणि बराच वेळ माझ्या मुलीशी बोलत बसली. निघताना म्हणाली, "पोरगी पसंत हाय. जत्रा झाली की सुपारी फोडू."

मी हवेत! आणि आठवड्यातच आमचा मॅनेजर म्हणाला, "मावशे, पेठच्या जत्रंची सुपारी धरली." एका गावात माझ्या दोन सुपाऱ्या, आणि एक दुसरीला खाणार हे मला दिसायला लागलं.

जत्रेतला रात्रीचा खेळ पावडरीच्या दोन थरांवर निभावला. पण खेळ झाला की दुसऱ्या दिवशी भर उन्हात पुन्हा छोटा खेळ करायचा असतो, त्याला हजेरी म्हणतात. उन्हात पावडर काय लपवणार? शेठचं जांभळं नेसून मी ठुमकत बाहेर आलो आणि समोर पहिल्याच रांगेत होणारे व्याही, फेटा बांधून. शेजारी विहीणबाई, मांडीवर पिशवी घेऊन.

माझी कंबर पहिल्यांदा अडली. तोंडावर पदर ओढून मी असला बारीक आवाज काढला, की ढोलकीवाल्यानं हात थांबवून माझ्याकडं पाहिलं. सोंगाड्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं नेहमीचा प्रश्न टाकला, "मावशे, तुला लेकी किती गं?"

नेहमीचं उत्तर, 'आठ, आन् नववी वाटंवर.' ते काही केल्या येईना. जे होतं तेच तोंडातून निसटलं.

"एकच हाय रं. आन् तिचं लगीन आत्ता मोडतंय बघ!"

लोक हसून हसून लोळायला आले. हसल्या नाहीत त्या विहीणबाई. त्या उठल्या आणि पिशवी घेऊन सरळ स्टेजवर चढल्या. मी मनात म्हटलं, संपलं.

"कुणी मोडलं?" त्या म्हणाल्या. "तुमच्या लेकीनं मला चुलीपाशीच समदं सांगितलं व्हतं. म्हनली, माजी आई बी आबाच हायती, जमत आसंल तर हो म्हना. मी तवाच हो म्हनले. आता विहीणबाई, पदर धरा."

पिशवीतून नारळ निघाला, तांदूळ निघाले आणि जांभळा खण, माझ्या लुगड्याला अगदी जुळणारा. शेठची करामत! विहीणबाईंनी मला कुंकू लावलं. मी दोन्ही हातांनी पदर पसरला आणि त्यांनी माझी ओटी भरली. मला रडू फुटलं ते थेट माझ्या जाड आवाजात, काजळ पार हनुवटीपर्यंत.

"आता नववी नक्की!" सोंगाड्या ओरडला.

लोकांना वाटलं, हे सोंगातलंच. शिट्ट्या, टाळ्या, सगळीकडून "वन्स मोअर!" विहीणबाई गोंधळून माझ्याकडं बघायला लागल्या.

मी नाक पुसलं, नारळ त्यांच्या हातात परत दिला आणि पदर पुन्हा पसरला.

"भरा की वो," म्हणालो. "पब्लिक मागतंय."

त्यांनी पुन्हा भरली.