हापसा मात्र आपला

हापसा बसवून झाला की मिस्त्री त्याच्या डोक्यावर दोनदा थाप मारायचा, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी, आणि जमलेल्या लोकांना सांगायचा, "बिलकुल बंद हाय. मुंगी बी आत जायची न्हाई."

लोकांना पाण्याची घाई असायची. मुंगीशी त्यांना काय देणंघेणं? पण एवढं बोलून झाल्याशिवाय तो दांड्याला कुणाला हात लावू देत नसे.

सत्तरीच्या दशकातला मोठा दुष्काळ सरत आला होता. मी तेव्हा जालन्यातल्या एका वर्कशॉपचा ट्रक चालवत होतो. गावोगावी मशीननं बोअर पाडत आणि मागून आम्ही हापसे घेऊन जायचो. जुने बिडाचे, ओतीव लोखंडाचे हापसे तुम्हीही पाहिले असतील. परसात एका घरापुरते ते ठीक. अख्खं गाव दिवसभर हापसायला लागलं की काही आठवड्यांत मोडायचे. म्हणून आमच्या वर्कशॉपनं पोलादी पत्र्याचा, आतून साखळी लावलेला हापसा घडवला. तो टिकला. त्याचं वेल्डिंग मिस्त्रीचं.

"ह्यात निम्मं डोकं माझं हाय," तो सांगायचा. बदनापूरच्या हॉटेलात चहा पिताना निम्मं असायचं, अंबड येईपर्यंत पाऊण व्हायचं. खरं किती, ते मला आजही माहीत नाही. मोठे साहेब ऐकून हसत. नाही म्हणत नसत.

कामावर तो पांढरा शर्ट घालून यायचा. ग्रीसचा डाग पडला की आधी शर्ट धुणार, मग भाकरी सोडणार. आणि शाळेपुढं हापसा असला की भाषण ठरलेलं. "रेल्वे इंग्रजाची. बोअरची मशीन बाहेरची. ह्या ड्रायव्हरचा रेडिओ बी तिकडचाच. हापसा मात्र आपला. आपल्या देशात, आपल्या जालन्यात झालेला."

एका गावात गुरुजींनी मुलांसमोर त्याला दुरुस्त केलं. म्हणाले, "मिस्त्री, शून्याचा शोधही आपलाच आहे बरं का."

"असंल गुरुजी," मिस्त्री म्हणाला. "पर त्ये पेता येत न्हाई."

एकदा ट्रकच्या सावलीत जेवता जेवता त्यानं आपल्या आईचं सांगितलं. त्याचं गाव अंबडकडचं. "माय रिकामी घागर घेऊन हिरीवर बसून राह्यची. कुणी वरून वतलं तर पाणी. आम्ही छप्पनला बौद्ध झालो, तरी हीर तशीच. आमची घागर बुडली की पाणी बाटतं म्हणायचे. आता तूच सांग, हापशात कुणाची घागर बुडती? मंग बाटंल काय?"

मुंगीचं मला त्या दिवशी समजलं.

पुढं त्याच्या गावाचा नंबर आला. पाणी लागलं ते बौद्ध वस्तीच्या कडेला, रस्त्यालगत. त्या दिवशी मिस्त्रीचा शर्ट इस्त्रीचा होता. हापसा त्यानं कुणाची मदत न घेता जोडला, थाप मारली, आणि आईला हाताला धरून आणलं. म्हातारीनं दांडा दाबला. पाणी आलं तेव्हा ती ते पाहत राहिली. घागर खाली लावायचं तिला सुचलंच नाही. वरच्या आळीतल्या बायाही घागरी घेऊन उभ्या होत्या. गावची विहीर आटली होती. येताना मिस्त्री ट्रकमध्ये गात होता. त्याला अजिबात गाता येत नसे.

महिन्याभरानं आम्ही साखळीला ग्रीस लावायला गेलो. वरच्या आळीतली एक वयस्क बाई आली. तिनं घरून आणलेल्या तांब्यातलं पाणी दांड्यावर ओतलं, राखेनं दांडा घासला, पुन्हा पाणी ओतलं आणि मग हापसायला लागली. मिस्त्रीकडे पाहून मायेनं म्हणाली, "लई झाक केलास बाबा. पोरीबाळींची पायपीट वाचली."

मिस्त्री म्हणाला, "मावशी, पाणी तर खाली खडकात हाय. त्याला कुणाचा हात लागत न्हाई."

"पाण्याचं काय न्हाई रे लेकरा," ती म्हणाली. "दांड्याचं हाय."

तिच्या आवाजात जराही कडवटपणा नव्हता. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं ती बोलली. मिस्त्रीनं साखळीला ग्रीस लावलं, झाकण बसवलं, पुढच्या गावाला गेल्यावर तिथल्याही साखळीला लावलं. थाप मारली नाही.

मग तो रविवारीही वर्कशॉपला यायला लागला. हापशाचा दांडा काढून त्यानं खाली पायटा जोडला. पायानं दाबायचा हापसा. साहेबांनी विचारलं, "हातानं चालतंय की रे. हे कशासाठी?" तो पायट्याचा नट आवळत राहिला. बरेच रविवार खटपट करून पाणी वर आलं. मी शाबास म्हणालो. तो पायट्याकडे बघत उभा राहिला.

"उद्या पायटा धुतील," तो म्हणाला. गॅस कटर पेटवला आणि आपल्या हातानं पायट्याचे तुकडे केले.

पुढं आमचा हापसा बघायला बाहेरगावचे इंजिनिअर आले, सोबत दोन परदेशी पाहुणे. साऱ्या देशासाठी एकच हापसा करायचा होता. त्यांनी मापं घेतली, फोटो काढले. वापरणाऱ्यांची काही तक्रार, असं एकानं इंग्रजीत विचारलं. आमच्या एका साहेबांनी मिस्त्रीला पुढं केलं.

"लोक दांडा धुतेत," मिस्त्री म्हणाला. "आम्ही धरला की धुतेत."

साहेबांनी पाहुण्यांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. पाहुण्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मिस्त्रीनं साहेबांना विचारलं, "काय लिवलं जी त्यांनी?"

"पाण्यानं दांडा गंजतो, म्हणून त्याला जस्त चढवायचं," साहेब म्हणाले. "चांगली सूचना केलीस."

त्यानंतर तो गावांत यायचा बंद झाला. वर्कशॉपमध्येच वेल्डिंग करायचा. निम्मं डोकं कुणाचं, हा विषयही त्यानं पुन्हा काढला नाही.

देशाचा हापसा तयार झाला. त्याला देशाचंच नाव मिळालं. त्याच सुमारास मिस्त्रीनं नोकरी सोडली. कारखान्यात काम मिळालं म्हणून आईला घेऊन तो मुंबईकडं निघाला. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. नव्या हापशाचं नाव मी त्याला सांगितलं. वाटलं, बरं वाटेल.

"देशाचं नाव दिलं का," तो म्हणाला. "आन् दांडा?"

"जस्ताचा आहे."

"मंग कितीबी धुवा म्हणावं. गंजायचा न्हाई."

म्हातारी फलाटावरच्या नळाला पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि मागं उभ्या असलेल्या अनोळखी बाईला म्हणाली, "घे बाई." ती बाई पुढं होऊन प्यायली. मिस्त्री ते बघत होता. गाडी हलली तेव्हा माझा निरोप घ्यायचा राहूनच गेला.

पुढच्या हिवाळ्यात त्याच्या गावचा जुना हापसा काढून नवा बसवायचा होता. तो मीच ट्रकनं नेला. जोडायला एक नवखा फिटर होता. त्यानं काम उरकलं, हत्यारं गोळा केली आणि घ्या म्हणाला.

पहिली बाई पुढं आली. तिच्या कमरेवर घागर होती आणि हातात तांब्या.