पाडव्याला हिरवं राहिलेलं गवत

आमच्या सासूबाईंचा जावयावर जीव आहे, पण तो गवताच्या खालोखाल. ही तक्रार नाही. लग्नाला बारा वर्षं झाली, आता सवय झाली आहे. खर्ड्याचा किल्ला मागे टाकून पुढे गेलं की डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वाडी आहे, आणि वाडीच्या वर मुरमाड माळावर गावाचं कुरण. सासूबाई, म्हणजे रंगुबाई, त्या कुरणाच्या राखणदार. सासरे भिमाजी होते तोवर राखण त्यांच्याकडे होती. ते गेल्यावर गाव म्हणालं, नवा माणूस मिळेपर्यंत तुम्हीच बघा. नवा माणूस कुणी शोधलाच नाही, आणि शोधला असता तरी मामींनी त्याला फाटकातून आत येऊ दिलं नसतं. मी त्यांना मामी म्हणतो.

पावसाळा लागला की कुरणात चराई बंद. मामी काळी छत्री घेऊन फाटकाजवळच्या बाभळीखाली बसतात. एखादी शेळी आत शिरली तर त्या शेळीला हाकलत नाहीत, मालकाला नाव घेऊन हाक मारतात, आणि ती हाक अख्ख्या वाडीला ऐकू जाते. मालक धावतच येतो. दिवसभर एकटं वाटत नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. "एकटी कुठं? एवढं गवात हाय की सोबतीला," त्या म्हणाल्या, आणि पुढचा तासभर कुठल्या चंडोलाने कुठे घरटं केलंय ते दाखवत मला उन्हात फिरवलं. एवढी सुखी बाई मी शहरातल्या आमच्या सावेडीत पाहिलेली नाही.

कुरण खुलं होतं दिवाळीच्या पाडव्याला. नारळ फुटतो, घरटी एक विळा आत जातो आणि प्रत्येकाने आपल्या घरचं गवत आपणच कापायचं. जो हजर नाही त्याला गवत नाही, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर कुणी जास्त कापायला नको. रीत सोयीची होती. भाऊबीज झाली की निम्मी वाडी ऊसतोडीला निघते. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी, गायी-शेळ्यांसाठी वैरण रचून ठेवून जाते. माझा मेहुणा अजिनाथही दरवर्षी असाच बैलगाडी घेऊन सांगलीकडे जातो.

गेल्या दिवाळीला मी चष्म्याचं दुकान बंद करून बायकोला, सविताला घेऊन वाडीला गेलो आणि पोचताच हौसेने माळावर चढलो. गुडघ्याच्या वर गवत, हिरवंगार, वाऱ्यावर नुसतं लोळत होतं. मी भराभर फोटो काढले आणि म्हणालो, "मामी, काय हिरवाई आहे! डोळे निवले."

मी मयताच्या घरी पेढे वाटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, हिरवं हाय हीच तर पंचाईत हाय."

मग त्यांनी समजावलं. पूर्वी मृगात पाऊस यायचा, गवत वेळेत वाढायचं, दसऱ्यापर्यंत पिकून पिवळं पडायचं. बी जमिनीवर सांडायचं आणि मग विळा लागायचा. आता आषाढ कोरडा जातो, श्रावणात चार शिंतोडे येतात आणि सगळं पाणी भाद्रपद-आश्विनात एकदम कोसळतं. गवत उशिरा उठतं, उशिरा तुऱ्यात येतं. त्याने आपलं वेळापत्रक पुढे ढकललं; गावाने पाडवा काही ढकलला नाही. मामींनी एक तुरा तोडून माझ्या तळहातावर चोळला. बी सुटलं नाही, बोटांना पांढरा चीक लागला. "ह्ये अजून कच्चं हाय. आत्ता कापलं तर पुढच्या सालाला उगवायचं काय?"

हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं असंही नाही. तीन वर्षांपूर्वी अशीच हिरवी दिवाळी आली होती, आणि रीत म्हणजे रीत म्हणून त्यांनीच फाटक उघडलं होतं. ओल्या गवताच्या गंज्यांना बुरशी धरली. वरच्या अंगाला गवत पुन्हा धड उगवलंच नाही, गुरं तोंड लावत नाहीत तो तरवटा माजला. गेल्या सालच्या धो-धो पावसात तिथली माती ओघळाबरोबर ओढ्यात गेली आणि खाली खडक दिसायला लागला. शेजारीच, जिथे गवताची मुळं शाबूत होती, तिथून पाणी नितळ उतरलं. मामी मला त्या खडकापाशी घेऊन गेल्या आणि छत्रीचं टोक त्यावर आपटून दाखवलं.

पाडव्याला सकाळी सगळी वाडी विळे घेऊन फाटकाशी जमली. मी चकलीची वाटी हातात घेऊन गंमत बघायला गेलो होतो. मामी फाटकात बसल्या आणि म्हणाल्या, "आज न्हाई. बी पडल्याबिगर विळा लागायचा न्हाई."

गलका झाला. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या वतीने भागवत पुढे आला. "काकू, आमी परवा गाडी जुपनार. तुमचं गवात पिकंल तवा आमी उसाच्या फडात असू. आमचं कोन कापनार?"

"मागं ऱ्हानारी कापतील."

"ही रीत न्हाई."

"आजपासनं हाय. जानाऱ्यांचं आदी कापू, ऱ्हानाऱ्यांचं मागनं. माज्या घरचं समद्यात शेवटी."

"आन् मानसं कुठं हायेत एवढी?"

मामींनी आजूबाजूला नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "जावईबापू येतील की." लोक हसले. मी चकलीची वाटी पाठीमागे लपवली.

हसला नाही तो अजिनाथ. फाटक उघडायला लावतो असा शब्द त्याने आदल्या दिवशी भागवतला आणि बाकीच्यांना देऊन ठेवला होता. "आई, मी तुजा पोरगा हाय. घरी गाय गाभन हाय. माजंबी ऐकायचं न्हाई?"

"तुजं ऐकलं तर गाव म्हनंल, घरच्यासाठी उघडलं. पयलं तर तुलाच न्हाई."

तो चारचौघांत लाल झाला. भाऊबीजेला सविताने ओवाळलं तेव्हा ओवाळणी टाकून लगेच उठला. दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून बायकोसह निघाला. आईच्या पाया पडला नाही, येतो म्हणाला नाही. मामी दारात उभ्या होत्या. गाडी वळणाआड गेल्यावर म्हणाल्या, "आता होळीपातूर बोलनार न्हाई त्यो. बापावर गेलाय." मग आत जाऊन भांडी घासत बसल्या, घासलेलीच पुन्हा. मला त्यांचं फार वाईट वाटलं. मनात म्हटलं, फाटक उघडलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तो खडक मी पाहिला होता, म्हणून तोंड मिटून ठेवलं.

नोव्हेंबर सरता सरता मामींचा फोन आला. "या. विळा पाजवून ठेवलाय."

गेलो. माळ ओळखू येईना. सगळं गवत पिकल्या गव्हाच्या रंगाचं झालं होतं आणि पायाचा धक्का लागला तरी बी झरझर खाली सांडत होतं. वाडीत मागे राहिलेली झाडून सगळी माणसं आली होती, साठी उलटलेली निम्मी. एक माणूस दोन-दोन घरांचं कापत होता. भागवतच्या घरचं माझ्या वाट्याला आलं. दुपारपर्यंत हाताला फोड आले, कंबर धरली. माझी एक पेंढी होईतो शेजारच्या आजीबाईंच्या तीन होत, आणि दर पेंढीला त्या विचारत, "दमला का पाव्हनं?" तरी सांगतो, दुकानात इतकं समाधान मला कधी वाटलेलं नाही.

दुसऱ्या रविवारी गेलो तेव्हा ऊसतोडीला गेलेल्या एकूण एक घरापुढे गंजी उभी होती. उंबऱ्यात बसलेलं म्हातारं माणूस आणि पुढ्यात वाळकं, खमंग वासाचं गवत. बोलल्याप्रमाणे मामींच्या घरचं शेवटी निघालं. ओढ्याकडेचा विरळ तुकडा तेवढा उरला होता. सविता, मी आणि मामी तो कापत होतो.

तेवढ्यात सविताचा मोबाईल वाजला. अजिनाथ होता. दिवाळीपासून त्याने आईला एकदाही फोन केला नव्हता. करायचा तो बहिणीला. सविताने फोन स्पीकरवर टाकून मामींच्या पुढे धरला.

"सविते," पलीकडून आवाज आला, "भागवतच्या म्हातारीचा फोन आलता. गंजी लागली म्हनं दारात. समद्यांच्याच लागल्या म्हनं."

"लागल्या," मामी म्हणाल्या.

पलीकडून ऊस तोडल्याचे आवाज तेवढे येत होते. आता तो आपल्या गाभण गायीच्या वैरणीचं विचारणार, आणि या विरळ तुकड्यावरून पुन्हा भांडण होणार, अशी मला धास्ती पडली. मामींनीही विळा खाली ठेवला.

"आई," अजिनाथ म्हणाला, "बी पडलं का?"

मामींनी दोन्ही हातांनी फोन धरला, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं.

"पडलं रं," त्या म्हणाल्या, "लई पडलं."