मावशींच्या पोटातला बोळा

"आधी आत काय हाय ते दाखवा." मावशींचं बोलणं इथूनच सुरू व्हायचं. वरकुट्याच्या शाळेत मी शिक्षिका आणि त्या मुलांची खिचडी करायच्या. तांदळाचं पोतं आलं की तळापर्यंत हात घालून बघितल्याशिवाय मला सही करू द्यायच्या नाहीत. "वर चांगला आन् खाली किडका. मला म्हाईत हाय." असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. मुलांनी वाकून नमस्कार केला तरी त्या विचारायच्या, "काय पायजे?"

एकदा पातेलं उचलताना त्या मटकन खाली बसल्या. बेंबीखाली लुगड्याआडून मोसंबीएवढा फुगवटा दिसत होता. गर्भपिशवी काढली तेव्हाच्या टाक्यांवरच. मावशी कुजबुजल्या, "त्या डॉक्टरनं आत बोळा ठिवलाय. दोन वर्सं झाली, वर आलाय. कुणाला सांगू नका." फुगवट्यावर त्या धोतराची पट्टी आवळून बांधायच्या.

मी त्यांना बारामतीला एका सर्जनकडे नेलं. त्यांनी मावशींना आडवं केलं, हलकेच दाबलं. फुगवटा आत गेला.

"बोळा असता तर असा आत-बाहेर झाला असता का, मावशी? वरची कातडी जुळली, पण खालचा थर उसवला. त्या फटीतून आतडं डोकावतंय. हा हर्निया. फट शिवायची आणि वर जाळी बसवायची."

मावशी ताडकन उठून बसल्या. "म्हंजी आता तुमी ठेवणार व्हय आत?"

डॉक्टरांनी हसून ड्रॉवरमधून जाळीचा नमुना काढून दिला. मावशींनी तो खिडकीशी धरला, ओढून बघितला, हुंगला. "मच्छरदाणीच हाय की!" ऑपरेशनला नकार देऊन परतताना एसटीत म्हणाल्या, "जाळीचं दुकान त्याच्या भावाचं आसंल."

पण निघताना डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "फुगवटा कडक झाला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर थांबू नका."

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी मावशी आल्या नाहीत. मी घरी गेले. त्या पोट धरून बसल्या होत्या, शेजारी उलटीचं घमेलं. फुगवट्याला हात लावला तर दगड.

"ओवा खाल्लाय, जाईल."

"जाणार नाही मावशी. आतडं अडकलंय."

"तुमाला त्यानं शिकवून ठिवलंय," त्या म्हणाल्या, पण माझं मनगट सोडेनात. शेजाऱ्याच्या जीपमधून आम्ही बारामती गाठली.

ऑपरेशनला आत नेताना त्यांनी मला जवळ बोलावलं. "बाई, मला गुंगी देत्याल. तुमी दारातनं हलू नका. आत कोण काय नेतंय ते बघा."

"नाही हलणार," मी म्हणाले.

वेळेत आल्यामुळे आतडं वाचलं. फट शिवून जाळीही बसली. पुढे वजन उचलायला मनाई झाली, म्हणून लेक त्यांना माळेगावला घेऊन गेली. पातेल्याशी दुसरी बाई आली.

गेल्या वर्षी लेक शाळेत आली. मावशी झोपेतच गेल्या होत्या. "पोटानं परत कधी तरास दिला न्हाय," ती म्हणाली. मग डोळे पुसत म्हणाली, "आईनं कुणावर इस्वास ठिवला न्हाय. पण तुमचं नाव निघालं की म्हणायची, बाई दारातनं हलल्या न्हाईत."

मी नुसती मान डोलावली. ऑपरेशनच्या दिवशी मधेच वीस मिनिटं मी खाली चहाला गेले होते.