न लिहिलेल्या डावांचा झेड स्कोअर

पवनारच्या एका अंगणवाडीत नंदिनीताई वजन करायला उभ्या राहिल्या की आया आपोआप गप्प होत. पोराचं स्वेटर काढ, पायातले वाळे काढ, आत्ताच जेवला असेल तर तासभर थांब, असा सगळा कायदा. एकदा एका आजीने नातवाला काट्याच्या झोळीत ठेवताना खालून हळूच आपला हात टेकवून ठेवला, वजन कमी होईल या आशेने की जास्त, ते तिचं तिलाच ठाऊक. ताईंनी तो हात सगळ्यांदेखत बाजूला केला.

"आजी, काट्याले लाड समजत नाई," वर हेही ऐकवलं.

बाईंचा हा तोरा अगदीच उगाच नव्हता. वर्ध्याच्या कॉलेजातून संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली सेविका आसपास दुसरी नव्हती. प्रशिक्षणात झेड स्कोअरचा विषय निघाला की बाकीच्या जणी पंख्याकडे पाहू लागत, आणि नंदिनी खडू घेऊन फळ्यापाशी जाई. निरोगी पोरांची सरासरी म्हणजे शून्य. तिथून आपलं पोर किती पायऱ्या वर किंवा खाली आहे, तो त्याचा झेड स्कोअर. दोन पायऱ्यांच्या खाली गेलं तर पिवळा रंग, तीनच्या खाली गेलं तर लाल. एवढं सोपं करून सांगितलं की मुख्यसेविकाबाई मान डोलवत आणि नंदिनीला वाटे, डिग्री अगदीच वाया गेली नाही.

तिचा नवरा रत्नदीप. वर्धा रोडला त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान. जळलेल्या पंपात नवी तार भरण्यात हात असा बसलेला की सेलूहूनही लोक मोटरी घेऊन येत. माणूस गरीब स्वभावाचा, बिडी-दारू काही नाही, पण क्रिकेटवर सट्टा लावायचा. आणि हरला तरी म्हणायचा, "मले सामना समजते. मी हरतो कमी, जिंकतो जास्त."

दिवाळीला यावरून घरात चांगलीच वाजली. शेवटी नंदिनीने आपलं हत्यार काढलं.

"असं बोलून नाई चालत. वहीत लिवा. दोन्ही संघ बरोबरीचे असतीन अशेच सामने घ्या, अन् शंभर डाव लावा, प्रत्येकी शंभर रुपयेच. डोळे मिटून लावले तरी पन्नास लागतीन, पाच इकडं, पाच तिकडं. पाचाची एक पायरी. दोन पायऱ्या वर, म्हणजे साठाच्या वर गेले, तर मी मानीन का तुम्हाले समजते. मंग एक शब्द बोलणार नाई."

"अन् खाली राह्यलो तं?"

"तं सट्टा बंद. फोनही माझ्याजवळ."

रत्नदीपने कबूल केलं. पाटीवर गणित मांडून द्यावं तसा तिने त्याला वहीत रकाना आखून दिला: तारीख, सामना, डाव, लागला की नाही. नवऱ्याला सोडवायची ही तिची युक्ती होती. साठाचा आकडा काही त्याला गाठता यायचा नाही, याची तिला खात्री होती.

मार्च संपता संपता त्याने वही आणून तिच्या मांडीवर ठेवली. शंभर डाव, बासष्ट लागलेले.

नंदिनीने दोनदा मोजले. पन्नासाच्या वर बारा, भागिले पाच, दोन पूर्णांक चार. नुसत्या नशिबावर एवढं शंभरात जेमतेम एकाला जमतं. तिला राग यायला हवा होता, कारण युक्ती तिच्यावरच उलटली होती. पण खरं सांगायचं तर तिला आनंदच झाला. आपल्या घरात, आपल्या वहीत, आपल्या सूत्रातून असा आकडा निघाला होता. ती सासूला, धुरपताबाईला, म्हणाली, "आई, हे नशीब नाई. हे यांचं डोकं हाय." धुरपताबाईला झेड स्कोअर काय कळणार? पण शिकलेली सून म्हणते म्हटल्यावर तिनेही विरोध सोडला.

नव्या वाइंडिंग मशीनसाठी दोघांनी सत्तर हजार जमवले होते. एप्रिलमध्ये रोज सामने सुरू झाले आणि रत्नदीपने ते काढले. नंदिनीने हूं की चूं केलं नाही. तिने शब्द दिला होता, आणि आकडाही तिचाच होता. तीन आठवड्यांत सगळे गेले.

आधी तिने सूत्रावर संशय घेतला. मग आपल्या बेरजेवर. मग एका रविवारी सकाळी, रत्नदीप आंघोळीला गेला असताना, त्याचा फोन उघडून बुकीला पाठवलेले जुने मेसेज वाचत बसली. दिवाळी ते मार्च. डाव शंभर नव्हते. एकशे चव्वेचाळीस होते. लागलेले मात्र बासष्टच.

आता शून्य निम्म्या डावांवर, म्हणजे बहात्तरावर गेलं होतं आणि पायरी सहाची झाली होती. बासष्ट म्हणजे दहा खाली. दीड पायरीपेक्षाही खाली. सामना समजणं राहिलं बाजूला, नाणं उडवून डाव लावले असते तर बरं झालं असतं.

दुपारी वही घेऊन ती थेट दुकानात गेली. रत्नदीप तांब्याची तार गुंडाळत बसला होता.

"चव्वेचाळीस डाव कुठं गेले?"

त्याने वहीकडे पाहिलं आणि त्याला कळलं. हात थांबला नाही, पण मान खाली गेली.

"ते मनातून लावले नव्हते. गिऱ्हाईक समोर होतं, ध्यान ठिकाणावर नव्हतं. ते कायले लिवायचे?"

"मनातून नव्हते, का हरले म्हणून नव्हते?"

"हरले म्हणून," तो म्हणाला. त्याला खोटं रेटता येत नसे. मग अगदी साध्या आवाजात, खरंच विचारावं तसं त्याने विचारलं, "पण तूनंही तसंच केलं होतं ना? भट्टीवरच्या पोरीले. मले वाटलं, तशी रीत असते."

नंदिनीने वही मिटली.

भट्टीवरची पोरगी म्हणजे काजलची सपना. काजल आणि तिचा नवरा भंडाऱ्याकडून दिवाळीनंतर धाम नदीच्या पलीकडे वीटभट्टीवर आले होते. नोव्हेंबरात सपनाचं वजन केलं तर सात किलो भरलं, सरळ लाल. सगळ्या केंद्रात लाल तेवढी एकच. आणि मुख्यसेविकाबाईंनी सांगून ठेवलेलं, की जानेवारीत ज्या केंद्रात एकही लाल पोर नसेल त्याला प्रमाणपत्र मिळेल. डिसेंबरात नंदिनीने काजलला बाजूला घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, "आता हिले आणू नको. चांगलं चारून वजन भरलं का मंग आणजो." नोंदीत लिहिलं: स्थलांतरित. पोरगी केंद्रापासून दीड किलोमीटरवर विटांच्या ढिगापाशी खेळत होती.

आणि हे तिने लपवलंही नव्हतं. त्या संध्याकाळी जेवताना नवऱ्याला हसत हसत सांगितलं होतं, "एक पोरगी काढली अन् केंद्र हिरवंगार झालं पाहा." तोही हसला होता. तेव्हा वही नवीच होती, त्यात जेमतेम चाळीस डाव भरले होते.

ती वही घेऊन दुकानातून निघाली. आपल्याला नवऱ्याने फसवलं असं म्हणायला ती गेली होती. आता रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं तर काय तोंड दाखवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. सत्तर हजार गेल्याचं दुःख होतं, पण ते आता फार लहान वाटत होतं. सपनाचा घरी न्यायचा आहार, डॉक्टरची तपासणी, दर महिन्याचं वजन, सगळं चार महिने बंद होतं. एका ओळीच्या नोंदीने. ती ओळ तिच्याच सुवाच्य अक्षरात होती. अंगणवाडीच्या भिंतीवर काचेत लावलेलं प्रमाणपत्र तिला आठवलं आणि अंगाला चटका बसल्यासारखी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाटा आणि झोळी पिशवीत घालून ती भट्टीवर गेली. आठ वाजताच ऊन अंगाला लागत होतं. काजलने लांबूनच तिला पाहिलं आणि लगबगीने खोपटात शिरली. बाहेर आली तेव्हा सपना कडेवर होती, नुकतीच दोन वर्षांची झालेली, डोळे मोठे, हात काटक्यांसारखे. एप्रिलच्या त्या उन्हात पोरीच्या अंगावर एकावर एक दोन फ्रॉक आणि वरून लोकरीचं स्वेटर होतं.

नंदिनीला सगळं समजलं. तरी तिने लिंबाच्या फांदीला काटा टांगला. आठ किलो दोनशे. लाल रेषा आठ किलो शंभरला.

"भरलं ना, ताई?" काजलचा चेहरा उजळला.

नंदिनीने पोरीला खाली घेतलं. स्वेटर काढलं, वरचा फ्रॉक काढला, खालचाही काढला. पाठीवर घामोळं उठलं होतं. पुन्हा झोळीत ठेवलं. सात किलो सातशे.

काजल ओशाळली. "अजून एक महिना द्या ना, ताई. अंडं चारून राह्यली मी तिले. माफ करा, तुम्हाले इतक्या लांब यावं लागलं."

"माफी तू नको मागू," नंदिनी म्हणाली. "म्या तुले खोटं सांगितलं होतं. वजन नाई भरत त्याच पोरीले पहिले आणायचं असते. आजच आण. आहार आजपासूनच घे. डॉक्टरकडे मी घेऊन जाईन."

काजल पोरीला एकच फ्रॉक घालत होती. घालून झाल्यावर तिने विचारलं, "मंग चार महिने तिले काऊन नाई येऊ देलं?"

रागाने नव्हे. काल रत्नदीपने विचारलं होतं, तसंच.

"भिंतीवर एक कागद लावायचा होता," नंदिनी म्हणाली. "ती असती तर तो भेटला नसता."

काजलला नीट कळलं नाही. तिने थोडा विचार केला.

"केवढा कागद?"

नंदिनीने दोन्ही हात छातीसमोर धरून दाखवला. काजलने त्या हातांमधल्या जागेकडे पाहिलं, मग सपनाला उचलून कडेवर घेतलं आणि अंगणवाडीच्या वाटेला लागली. नंदिनी पिशवी घेऊन तिच्या मागून चालत गेली.