अण्णाची टाच

खरादीखाली भुसा साचतो तसे आमच्या दुकानात किस्से साचायचे. सकाळी झाडा, संध्याकाळी पुन्हा ढीग! पावसाळ्यात अण्णा, माझा थोरला भाऊ, पटकीनं गेला. त्यानंतर बरेच दिवस भुसा पडला नाही. किस्से तेवढे उरले. सांगताना मी हसतो म्हणून मामा रागावतात. रागावू देत!

*

आम्ही कुंभकोणमचे मराठी कातारी. मी दोरी ओढून खरादीवरचं लाकूड फिरवायचो, अण्णा पटाशी धरायचा. लाटणी, करंडे, मुलींची चोप्पू, म्हणजे लाकडी भातुकली. अण्णाच्या तोंडात सदा विडा, म्हणून तो टाचेनं बोलायचा. एकदा आपटली की हळू. दोनदा, थांब. तीनदा आपटली की ते माझ्यासाठी नव्हे, भिंतीपलीकडे वहिनीसाठी. कॉफी!

एकदा त्याच्या पायाला लाल मुंग्या चावल्या. वहिनी कॉफीचं अख्खं भांडं घेऊन दारात!

*

रेल्वेच्या एका साहेबानं चोप्पूतली सहा उखळं नेली. आठवड्यानं त्याचा बटलर आला, "अजून सहा द्या. साहेब त्यात उकडलेलं अंडं ठेवून खातात."

आईनं कानावर हात ठेवले. "शिव शिव! दुकान धुऊन काढा!"

अण्णा म्हणाला, "आई, अंडं त्याच्या बंगल्यात, उखळ आपल्या फळीवर. विटाळ काय आगगाडीनं येणार?"

*

तिरुक्करुगावूरच्या देवीला मूल मागायला निघालेलं एक जोडपं नवसाचा छोटा पाळणा घ्यायला आलं. पाळण्यावरचा लाखेचा रंग जरा फिका वाटला म्हणून अण्णानं आणखी एक तसाच दिला.

पुढल्या वर्षी तो गृहस्थ दोन काखांत दोन पोरं घेऊन हजर! "तुम्हीच ना ते, दोन पाळणेवाले?"

अण्णानं विडा गिळला. "नशीब समजा, त्या दिवशी माझ्याकडे दोनच होते!"

*

अण्णाचा करंडा उघडताना 'टप्प' असा आवाज यायचा. झाकण इतकं नेमकं! तिरुनागेश्वरमची एक म्हातारी डोळे मिटून, कानाशी धरून करंडे निवडायची. अण्णा म्हणाला, "पाटी, अहो आजी, रंग तरी बघा!"

"रंग सून बघेल. डबा उघडला की मला कळलं पाहिजे!"

*

मागच्या आठवड्यात मामा खराद विकायला गिऱ्हाईक घेऊन आले. मला पापनाशमला भाताच्या वखारीत धाडायचं ठरलं होतं. मी भडकलो. "मी अण्णासारखा करंडा करून दाखवतो. मग बोला!"

मामा म्हणाले, "जन्मभर दोरी ओढलीस. पटाशी धरशील, पण दोरी कोण ओढेल?"

वहिनी आतून आली. आजवर ती दुकानाच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नव्हती. पदर खोचून दोरीपाशी बसली. मामांनी तोंड उघडलं. आई म्हणाली, "दादा, तू गप्प बस."

लाकूड फिरू लागलं. पटाशी किंचाळली. मी एकदा टाच आपटली, दोरी हळू झाली. झाकण जमल्यासारखं वाटलं, दोनदा आपटली. दोरी जागच्या जागी थांबली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

मामांनी करंडा घेतला, झाकण ओढलं.

टप्प!

गिऱ्हाईक चपला घालू लागलं. मला इतका आनंद झाला, की मी धडाधड टाच आपटली. एक, दोन, तीन.

वहिनी उठली, आत गेली. बराच वेळ आली नाही. मग लोटी घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवली.

"भावजी, निवतेय."

मला गोड कॉफी लागते हे तिला ठाऊक आहे. ही बिनसाखरेची होती, अण्णा प्यायचा तशी.

मी सगळी प्यालो.